औषधाचा पालट

या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांस चार ओळींत उत्तर देतां येतें. कोणी बाळाच्या खोकल्याविषयीं विचारतें, कोणी सांधेदुखीवरील पथ्य विचारतें, आणि आम्ही यथामति उत्तर देतों. परंतु गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक-भगिनीचें जें पत्र आलें, त्याची बोळवण चार ओळींत करणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. पत्रावर नांव नाहीं, गांव नाहीं. शेवटीं 'आपली एक वाचक' एवढीच सही आहे. मजकूर मात्र असा आहे कीं, तो वाचून कोणाही घरच्या माणसानें क्षणभर स्तब्ध व्हावें.

या भगिनींच्या नणंदबाई, ज्यांचा उल्लेख पत्रांत सर्वत्र 'वन्सं' असा आहे, २००५ सालीं यजमान वारल्यावर माहेरीं आल्या. यजमानांस एच. आय. व्ही. ची बाधा होती हें त्यांच्या शेवटच्या आजारांत कळलें. पुढें वन्संची तपासणी झाली, आणि त्यांच्याही रक्तांत तो विषाणु आढळला. २००६ पासून त्या सरकारी ए. आर. टी. केंद्राचीं औषधें घेत आहेत. आज त्यांचें वय ५८ वर्षांचें आहे. घरांतील मुलांचे अभ्यास त्यांनींच घेतले, आणि थोरल्या भाचीच्या लग्नांत रुखवतही त्यांनींच मांडलें.

एवढ्या वर्षांत त्यांचीं औषधें तीन वेळां बदललीं. प्रत्येक वेळीं घरांत एकच कुजबुज झाली: 'जुन्या गोळीला रोग जुमानीनासा झाला वाटतें.' शेवटचा पालट २०२१ सालचा. त्यानंतर सर्व सुरळीत होतें. परंतु यंदांच्या तपासणींत, जेथें दर वेळीं 'विषाणु आढळला नाहीं' असा शेरा येई, तेथें २४०० हा आंकडा आला. तीन महिन्यांनीं पुन्हा तपासूं, असें केंद्रानें सांगितलें आहे. आतां वन्सं म्हणतात, 'ही नवी गोळी मला लागूच नाहीं. ती जुनी परत मागून आणा.' त्यांचे बंधु म्हणतात, मागावयास कशाला जावयाचें, बाहेरून विकत आणूं. आणि आमच्या भगिनी विचारतात: जुनें औषध पुन्हा सुरू करावें काय? शिवाय इतक्या वेळां औषध बदलावें लागलें, त्या अर्थीं उपाय संपत आले असें समजावें काय?

पत्राच्या अखेरीस, जणूं सहज आठवल्या म्हणून, दोन ओळी आहेत. कंबरदुखीसाठीं गल्लींतील डॉक्टरांनीं गेल्या वर्षापासून वन्संना कॅल्शियमची व लोहाची गोळी दिली आहे. विसर पडूं नये म्हणून त्या सगळ्या गोळ्या एकदमच, पहाटे रिकाम्या पोटीं घेतात. गल्लींतील डॉक्टरांस केंद्राच्या औषधाची वार्ता नाहीं, आणि केंद्रास या गोळ्यांची. 'दोन्हीकडे सांगण्याचा धीर झाला नाहीं,' असें त्या लिहितात.

आमच्या मतें साऱ्या पत्राचें उत्तर या शेवटच्या दोन ओळींत असण्याचा पुष्कळ संभव आहे. परंतु तेथवर जाण्यापूर्वीं घराच्या मनांतील पहिली भीति दूर झाली पाहिजे.

औषध बदललें म्हणजे रोगानें बाजी मारली, ही समजूत आपल्या नेहमींच्या आजारांवरून आलेली आहे. ताप उतरला नाहीं कीं डॉक्टर औषध बदलतात. म्हणून पालट म्हणजे अपयश, असें गणित मनांत बसतें. एच. आय. व्ही. च्या उपचारांत तें पुष्कळदां चुकतें. मृग लागण्यापूर्वीं आपण घर शाकारतों, तें घर गळूं लागलें म्हणूनच नव्हे, तर पुढें गळूं नये म्हणून. या औषधांचे पुष्कळसे पालट अशाच जातीचे असतात. आमच्या भगिनींनीं केंद्राच्या पुस्तिकेवरून चारही औषधांचीं नांवें उतरून पाठविलीं आहेत, तीं क्रमानें वाचलीं तर या उपचाराचा सगळा इतिहासच डोळ्यांसमोर उभा राहतो.

हा रोग वैद्यकाच्या नजरेस प्रथम १९८१ सालीं अमेरिकेंत आला. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्याच्या विषाणूचा शोध लागला. आपल्या देशांत तो १९८६ सालीं मद्रासेस प्रथम आढळला. १९८७ सालीं झिडोव्ह्युडिन हें पहिलें औषध अमेरिकेंत संमत झालें. पण एकट्या औषधाचा गुण फार काळ टिकेना. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र दिलीं म्हणजे विषाणु दबून राहतो हें सिद्ध झालें, आणि मरणाच्या दारांतील माणसें उठून कामास लागलीं. मात्र त्या तिहेरी उपचारास वर्षाकाठीं दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. फेब्रुवारी २००१ मध्यें मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनीं तोच उपचार एका परोपकारी वैद्यकीय संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊं केला. गरीब देशांतील रोग्यांस औषध मिळण्याचा मार्ग त्यानंतर खुला झाला. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनेंही हीं औषधें मोफत देण्यास आरंभ केला.

वन्संचें पहिलें औषध म्हणजे त्या काळचें सर्वत्र दिलें जाणारें त्रिकूट: स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन. त्यानें त्यांचे प्राण वाचविले. पण दोन-तीन वर्षांत त्यांचे गाल बसले, हातापायांच्या काड्या झाल्या, आणि रात्रीं तळपायांची आग होऊं लागली. शेजारच्या बायका 'रोग आंतून खातो आहे' असें म्हणत. वस्तुतः तो रोग नव्हता. स्टॅव्ह्युडिन पेशींतील ऊर्जा उत्पन्न करणाऱ्या भागास इजा करतें, आणि त्याचीं हीं लक्षणें होत. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं तें औषध हळूहळू बंद करण्याचा सल्ला सर्व देशांस दिला. वन्संना त्याच्या जागीं झिडोव्ह्युडिन मिळालें. हा पहिला पालट.

झिडोव्ह्युडिननें कांहींजणांच्या अस्थींतील मज्जेचें कार्य मंदावतें व रक्त कमी होतें. वन्संचें तसेंच झालें. जिना चढतांना धाप लागूं लागली. म्हणून दुसऱ्या पालटांत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व एफाव्हिरेन्झ या तिन्ही औषधांची मिळून रात्रीं निजतांना घ्यावयाची एकच गोळी आली. रक्त भरून आलें. पण एफाव्हिरेन्झ मेंदूवर परिणाम करतें. चक्कर, विचित्र स्वप्नें, क्वचित् मनाची उदासीनता हे त्याचे परिचित दोष आहेत. 'मला स्वप्नांत रोज हे दिसत,' असें वन्सं म्हणत, आणि घरांतील माणसें त्याचा भलताच अर्थ लावीत. तिसऱ्या पालटांत एफाव्हिरेन्झ जाऊन त्याच्या जागीं डोल्युटेग्राव्हिर आलें. स्वप्नें थांबलीं.

या तीन पालटांपैकीं एकही विषाणूनें मात केली म्हणून झालेला दिसत नाहीं. पुस्तिकेंतील पांढऱ्या पेशींचे आंकडे त्या सगळ्या वर्षांत वाढतच गेले आहेत. पहिला पालट गालांसाठीं व पायांसाठीं, दुसरा रक्तासाठीं, आणि तिसरा झोंपेसाठीं व पुढील अनेक वर्षांच्या निर्धास्तपणासाठीं झाला. वैद्यकाला अधिक चांगलें कांहीं सांपडत गेलें आणि तें वन्संपर्यंत पोंचत गेलें, एवढाच त्याचा अर्थ. ज्या घरानें हें तीन वेळां अपशकुन म्हणून मोजलें, त्यानें तें आतां उलट बाजूनें मोजून पाहावें.

तिसऱ्या पालटाविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण वन्संचा राग त्या गोळीवर आहे. डोल्युटेग्राव्हिर हें औषध २०१३ सालीं अमेरिकेंत संमत झालें. हा विषाणु आपलें बीज आपल्या पेशीच्या बीजांत सांधून टाकतो; तो सांधा हें औषध होऊं देत नाहीं. २०१८ च्या मे महिन्यांत बोटस्वाना देशांतून एक चिंतेची वार्ता आली. गर्भधारणेच्या वेळीं हें औषध घेत असलेल्या ४२६ मातांच्या बाळांपैकीं चौघांत मेंदूचा अथवा मणक्याचा जन्मजात दोष आढळला होता. सर्व देशांनीं सावधगिरी बाळगली. पण मोजणी चालू ठेवल्यावर तें प्रमाण उतरत गेलें, आणि जुलै २०१९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें तें स्त्रीपुरुष सर्वांसाठीं पहिल्या पसंतीचें म्हणून सांगितलें. पुढें इतर औषधांच्या मानानें फरक उरला नाहीं असेंच दिसून आलें. तात्पर्य, ही गोळी कोणीं घाईघाईनें लोकांच्या गळीं मारलेली नाहीं. आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणें टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम व डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी रोजची एक गोळी हाच पहिला उपचार आहे. ती स्वस्त म्हणून बळेंच दिली, असाही संशय पत्रांत डोकावतो. गोळी स्वस्त आहे हें खरें. २०१७ सालीं गरीब देशांसाठीं तिचा दर वर्षाला सुमारें ७५ डॉलर ठरला. परंतु तिच्या पसंतीचें कारण तिची किंमत नसून तिचें बळ आहे.

तें बळ कशांत आहे हें समजलें म्हणजे वन्संच्या हट्टाचें उत्तर आपोआप मिळतें. उपचार नसतां या विषाणूच्या शरीरांत दररोज सुमारें एक हजार कोटी नव्या प्रती निघतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. घाईनें पोथी उतरणाऱ्या लेखनिकाच्या हातून जशा चुका होतात, तशा या नकलांतही होतात. पुष्कळ चुकांनीं विषाणु दुबळा होतो. पण एखादी चूक अशी निघते कीं, तिच्यामुळें अमुक औषध त्यास बाधेनासें होतें. तीन औषधें पुरेशा प्रमाणांत एकदम असलीं तर तिन्हींतून एकाच वेळीं सुटणारी चूक होणें जवळ जवळ अशक्य. मात्र औषध रक्तांत अर्धेंमुर्धें असलें, म्हणजे विषाणु वाढतोही आणि औषधाची ओळखही करून घेतो. सवय झालेला तो विषाणु मग पुसला जात नाहीं. शरीरांत लपून राहतो आणि तें औषध पुन्हा आलें कीं डोकें वर काढतो.

एफाव्हिरेन्झसारख्या जुन्या औषधास निकामी करण्यास विषाणूची एकच चूक पुरते. डोल्युटेग्राव्हिरविरुद्ध विषाणु इतक्या सहजीं तयार होत नाहीं. म्हणून रक्तांत विषाणु दिसत असतांना बळकट औषध सोडून नाजूक औषधाकडे परत जाणें म्हणजे चोर अंगणांत आला असतां कडी काढून सुतळीनें दार बांधण्यासारखें आहे. तेव्हां पहिल्या प्रश्नाचें आमचें उत्तर स्पष्ट आहे: जुनी गोळी मागूं नये, आणि बाहेरून विकत तर मुळींच आणूं नये.

त्याचप्रमाणें 'पुन्हा तपासणी होईपर्यंत गोळी बंदच ठेवूं' असाही विचार कोणी मनांत आणूं नये. औषधांस विसांवा देऊन पाहण्याचा प्रयोग शास्त्रज्ञांनीं करून पाहिलेला आहे. ३३ देशांतील ५४७२ माणसांवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांचें औषध मधून मधून थांबविलें त्यांच्यांत गंभीर आजाराचा वा मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक दिसला. चांगल्या पालटाची पहिली खूण हीच कीं, जुन्याची शेवटची गोळी आणि नव्याची पहिली गोळी यांच्यामध्यें एकही दिवस रिकामा जात नाहीं.

आतां त्या दोन ओळींकडे वळूं. डोल्युटेग्राव्हिरचा एक स्वभाव प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावा असा आहे. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम हीं खनिजें पोटांत भेटलीं कीं तें त्यांना चिकटतें, आणि रक्तांत न जातां तसेंच बाहेर पडतें. निरोगी माणसांवरील मोजणींत असें दिसलें कीं, रिकाम्या पोटीं कॅल्शियमबरोबर घेतल्यास रक्तांत पोंचणारें हें औषध सुमारें ३९ टक्क्यांनीं, आणि लोहाबरोबर घेतल्यास सुमारें ५४ टक्क्यांनीं घटतें. वन्सं दोन्ही गोळ्या तिच्याबरोबर, रिकाम्या पोटींच घेत आहेत, आणि तेंही वर्षभर. रोज न चुकतां गोळी घेऊनही त्यांच्या रक्तांत ती पुरेशी पोंचत नसेल. ज्या नियमितपणाबद्दल त्यांचें कौतुक करावें, त्यानेंच ही अडचण रोज न चुकतां घडवून आणली असावी.

हें निदान नव्हे. इतक्या दुरून निदान करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. कांहीं दिवस गोळी चुकली असेल, दुसरेंही एखादें कारण असेल. पण केंद्रांतील डॉक्टरांस ही एक गोष्ट कळली, तर त्यांना धागा सांपडेल; आणि ती त्यांना कळलेली नाहीं. आंकडा १००० च्या वर गेला म्हणजे केंद्र लगेच दुसऱ्या पायरीचें औषध देत नाहीं. आधीं गोळ्या कशा घेतल्या जातात तें विचारतात, अडचणी काढून टाकतात, आणि तीन महिने नीट औषध पोंचल्यावर पुन्हा मोजतात. आंकडा खालीं आला तर तीच गोळी पुढें चालते. न आला तरच पालट. आणि तो मात्र विषाणूमुळें झालेला खरा पालट. त्या वेळींही उपाय संपत नाहींत. रिटोनाव्हिरच्या जोडीनें देण्याचीं अटॅझानाव्हिर, लोपिनाव्हिर, डारुनाव्हिर अशीं वेगळ्या जातीचीं औषधें आहेत. हें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर. परंतु ज्या अडचणीचा पत्ताच लागला नाहीं, ती नव्या औषधाबरोबरही घरांत राहते, हें विसरूं नये.

हीच गोळी घेणाऱ्या इतरांसाठीं सामान्य नियम येथें देतों. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या पोटभर जेवणाबरोबर घेतल्या, तर डोल्युटेग्राव्हिर त्याच जेवणाबरोबर घेतां येतें. रिकाम्या पोटीं घ्यावयाचें असल्यास तें त्या गोळ्यांच्या दोन तास आधीं किंवा सहा तास नंतर घ्यावें. पित्तावरील पातळ पांढऱ्या औषधांत मॅग्नेशियम वा ॲल्युमिनियम असतें. त्यांच्या बाबतींत जेवण असो वा नसो, दोन व सहा तासांचें अंतर पाळावें. आपल्या घरांतून शंखभस्म, प्रवाळ, मंडूर यांचा प्रघात आहे. पहिल्या दोहोंत कॅल्शियमच असतें व मंडुरांत लोह. म्हणून 'तें काय, घरचेंच आहे' असें म्हणून तीं गाळूं नयेत. डॉक्टरांच्या कानांवर घालावींत. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधाचें रक्तांतील प्रमाण डोल्युटेग्राव्हिरमुळें वाढतें. त्याची दिवसाची मात्रा साधारणतः १००० मिलिग्रॅमच्या आंत ठेवतात. क्षयावरील रिफाम्पिसिन चालू झालें तर डोल्युटेग्राव्हिर दिवसांतून दोनदां द्यावें लागतें. अपस्माराच्या कांहीं औषधांशींही त्याचें जमत नाहीं. कांहींजणांचें वजन या गोळीनें वाढतें, कांहींची झोंप मोडते. झोंपेची तक्रार असल्यास डॉक्टर ती सकाळीं घेण्यास सांगतात. एकादशी असो वा चातुर्मासाचा नेम असो, गोळी चुकवूं नये. ती अन्नाशिवायही चालते, आणि घोटभर पाण्यानें कोणाचा उपवास मोडत नाहीं.

ज्यांना यकृताच्या 'ब' काविळीचीही बाधा आहे, त्यांनीं आणखी एक जपावें. टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडिन हीं त्या काविळीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात. मूत्रपिंडाच्या कारणानें किंवा अन्य कारणानें टेनोफोव्हिर काढावयाचें झाल्यास आधीं ती तपासणी झालेली असली पाहिजे. नाहीं तर दबलेली कावीळ उसळून यकृतास इजा होऊं शकते. यावरूनही दिसेल कीं, पालट ही घरीं बसून करण्याची गोष्ट नव्हे.

एवढें वैद्यकाविषयीं झालें. पण आमच्या भगिनींच्या 'धीर झाला नाहीं' या तीन शब्दांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून हें टिपण पुरें होणार नाहीं.

पत्रावरून कळतें कीं, वन्संचे बंधु औषध आणावयास शेजारच्या जिल्ह्याच्या केंद्रावर जातात, कारण आपल्या गांवच्या केंद्रांत कोणी ओळखीचें भेटेल. बाटलीवरचा कागद घरीं येतांच खरवडून टाकतात. पहिलीं पांच वर्षें वन्संचें ताट-वाटी-भांडें निराळें होतें; त्या स्वतःच तें विसळून पालथें घालीत. हें लिहितांना आमच्या भगिनींस लाज वाटली आहे, आणि ती लाज त्यांच्या पदरीं पुण्य म्हणूनच जमा होईल. एच. आय. व्ही. भांड्यांतून, पंक्तींतून, स्पर्शांतून वा एका छताखालीं राहिल्यानें पसरत नाहीं. आमच्या घरांतून सोवळ्याच्या नांवाखालीं पुष्कळ गोष्टी झाल्या. ही त्यांपैकीं अत्यंत निष्ठुर होय. ज्या स्त्रीचा अपराध कांहीं नव्हता, तिला स्वतःच्या माहेरांत पाहुण्याहून परकी करून ठेवण्यांत कोणता धर्म साधला? आणि समजा, कोणाचें पाऊल वांकडें पडलेलें असलें, तरी त्यासही ताट एकाच पंक्तींत मिळालें पाहिजे.

गुप्तता आणि लपंडाव यांत अंतर आहे. आपला आजार कोणास सांगावा हा वन्संचा स्वतःचा अधिकार आहे. २०१७ सालच्या एच. आय. व्ही. व एड्स कायद्यानें तो मान्य केला आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आहे, आणि तो अशा व्यक्तीस राहत्या घरांतून बाहेर काढूं देत नाहीं. शेजाऱ्यापाजाऱ्यांस, व्याह्यांस, नातलगांस एक अक्षरही सांगण्याची वन्संना गरज नाहीं. परंतु जो औषध देतो त्याच्यापासून औषध लपविणें ही गुप्तता नव्हे. गल्लींतील डॉक्टरांनीं कॅल्शियम दिलें, त्यांत त्यांची चूक नाहीं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईची कंबर दुखते म्हटल्यावर कोणीही तें देईल. केंद्रानें काळजी घेतली नाहीं असेंही नव्हे. त्यांनीं 'दुसरें कांहीं औषध चालू आहे काय?' असें विचारलें होतें, आणि बंधूंनीं 'नाहीं' म्हणून सांगितलें, असें पत्रांतच आहे. दोन्ही बाजूंचे वैद्य आपापल्या परी बरोबर होते. चूक त्यांच्यामधल्या गप्प बसण्यांत झाली.

र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून अशा विषयांवर मराठींत उघडपणें लिहिण्यास आरंभ केला, तेव्हां सुशिक्षित घरांनींच त्यांस नांवें ठेविलीं. त्यांचीं सगळींच मतें सर्वांस पटावींत असें नाहीं. परंतु रोगास 'गुप्त' म्हटल्यानें तो बरा होत नाहीं, हें त्यांचें म्हणणें आज शंभर वर्षांनींही आमच्या वाचकांतील कित्येक घरांस नव्यानें सांगावें लागतें. सरकारी अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं आपल्या देशांत सुमारें २५ लाख माणसें या विषाणूसह जगत होतीं. तीं सगळीं दुसऱ्याच घरांतलीं आहेत, असें समजणें आतां पुरे झालें.

म्हणून आमच्या भगिनींस आमचें सांगणें असें. तीन महिने पुरे होण्याची वाट पाहूं नका. याच आठवड्यांत केंद्रावर जा. या खेपेस एकट्या बंधूंस पाठवूं नका. वन्सं, आपण आणि आपले यजमान असे तिघे मिळून जा. घरांत जीं जीं औषधें, गोळ्या, भस्में व चूर्णें वन्सं घेतात, तीं सगळीं एका पिशवींत घालून बरोबर न्या, आणि टेबलावर ओता. कोणती गोळी किती वाजतां, जेवणाआधीं कीं नंतर, हें वन्संना स्वतः सांगूं द्या. गोळ्यांच्या नव्या वेळा तेथेंच कागदावर लिहून घ्या. तोंवर केंद्राची गोळी एक दिवसही थांबवूं नका. गल्लींतील डॉक्टरांस रोगाचें नांव सांगण्याचा संकोच वाटत असेल, तर केंद्रांतील डॉक्टरांकडूनच चिठ्ठी मागा. 'या औषधाबरोबर अमुक औषधें अमुक वेळींच द्यावीं' इतकी ओळ लिहून देण्यास त्यांस अडचण पडूं नये.

आणि वन्संना एक निरोप द्या. ज्या गोळीवर त्या रुष्ट आहेत, तिला वर्षभर पोंचूंच दिलें गेलें नसावें. तिला तीन महिने नीट पोंचूं द्यावें, आणि मग निवाडा करावा. पुढच्या तपासणीचा आंकडा काय आला, तें आपण आम्हांस अवश्य कळवावें. नांव-गांव नसलें तरी चालेल. तो आंकडा खालीं आलेला असो वा नसो, पुढें काय करावयाचें याचा मार्ग तोंवर मोकळा झालेला असेल.